डाग

आमच्या दारात मोटार आहे असे मी कुणाला सांगितले, की ऐकणाऱ्याच्या मनात माझ्याविषयी थोडा आदर उत्पन्न होतो, आणि ती मोटार कोणती हे सांगितले की तो लगेच ओसरतो. ती प्रीमियर पद्मिनी आहे. एके काळी तिचा रंग दुधी होता. आता तो कोणता आहे हे चित्रकलेचा शिक्षक असूनही मला सांगता येणार नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमुळे हिचे रूप साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. ही मूळची इटलीची फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली आणि १९७४ साली पद्मिनी झाली. या शतकाच्या आरंभी तो कारखाना तिला विसरला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली तिची शेवटची टॅक्सीही वयाची वीस वर्षे भरली म्हणून निवृत्त झाली. माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी जो हार मिळतो तो हिला विसाव्या वर्षी मिळाला, एवढाच फरक.

आमची पद्मिनी टॅक्सी नव्हती. वडिलांनी, म्हणजे आबांनी, ती १९८८ साली जुनी म्हणूनच विकत घेतली. आबा शाळांना वह्या, पाट्या, खडू, नकाशे पुरवीत. राधानगरी, गारगोटी, गगनबावडा या बाजूच्या खेड्यापाड्यांतून ते हिंडत. मागच्या सीटवर वह्यांचे गठ्ठे असत आणि आम्हां भावंडांना त्या गठ्ठ्यांवर बसायला मिळे. आबा २०११ साली गेले. तेव्हापासून गाडी मी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे दर रविवारी तिला फडक्याने पुसतो, महिन्यातून एकदा रंकाळ्यापर्यंत नेऊन आणतो, आणि दर पाच वर्षांनी तिची नोंदणी नवी करताना बायकोची बोलणी खातो.

गेल्या वर्षी गणपती उठले आणि गाडी बसली. सुरू व्हायची, दोन उसासे टाकायची आणि बंद पडायची. पेट्रोलचा वास घरभर. शिवाजी उद्यमनगरातले एक मिस्त्री आबांच्या वेळेपासून आमची गाडी पाहत आले आहेत. आता त्यांची सत्तरी उलटली, हात थरथरतो, म्हणून पाने त्यांचा पुतण्या चालवतो आणि ते स्वतः संध्याकाळी खुर्चीत बसून नुसते पाहतात. पुतण्याने बॉनेट उघडले, वास घेतला आणि म्हणाला, ''सर, कार्बोरेटर गेला. पुरा खोलाय लागतंय.''

मोटारीतल्या ज्या वस्तूचे नाव सगळ्यांना माहीत आणि काम कुणालाच माहीत नाही, अशी ही वस्तू. मीही त्यांतलाच होतो. मला समजले ते असे. पेट्रोल नुसते जळत नाही. ते हवेत मिसळावे लागते, आणि वजनाने एका भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा असे ते प्रमाण असते. हे जुळवून देणारा स्वयंपाकी म्हणजे कार्बोरेटर. त्याचा गळा मध्येच अरुंद केलेला असतो. नदी खिंडीत शिरली की जशी वेगाने धावते तशी हवा तिथे धावते. धावली की तिचा दाब उतरतो आणि त्या ओढीने खालचे पेट्रोल तुषार होऊन वर येते. व्हेंचुरी नावाच्या इटालियन पंडिताने दोनशे वर्षांपूर्वी पाण्याच्या नळ्यांत हे पाहिले होते. मोटार त्याने पाहिलीच नाही. तो १८२२ साली वारला. आता किती पेट्रोल वर यावे हे ठरवते ते एक पितळी जेट. जेट म्हणजे काय, तर मध्ये छिद्र असलेला, करंगळीच्या नखाएवढा स्क्रू. त्यावर आकडा कोरलेला असतो. १२५ असेल तर छिद्र सव्वा मिलिमीटरचे. सगळ्या गाडीचा स्वभाव त्या छिद्रात.

पुतण्याने एकेक भाग काढून घासलेटाच्या ताटलीत मांडला. आतल्या कप्प्यात पांढरी बुरशी धरावी तशी पूड साचली होती. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल घातलेले पेट्रोल मिळू लागले; ते हवेतले पाणी ओढून घेते, जुन्या धातूला आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. पेट्रोल अडवणारी सुई झिजली होती. पंपाचा पडदा वाळलेल्या पापडासारखा कडक झाला होता. शेवटी त्याने मुख्य जेट उजेडात धरले आणि तोंड वाकडे केले. ''ह्यो बी बदला सर. डुप्लिकेट हाय. आकडा येक, भोक येक.''

अशी माझी तीर्थयात्रा सुरू झाली. कोल्हापुरात सुई आणि पडदा मिळाला, जेट मिळेना. दसऱ्याच्या सुट्टीत पुण्याला जुन्या बाजारात गेलो. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि तिथे गेले की माणसाने आजवर काय काय टाकून दिले आहे हे पाहून आपण भाड्याच्या घरात राहतो याचे दुःख कमी होते. तिथे कार्बोरेटर ढिगाने होते, आमचा नव्हता. मग मुंबईला कुर्ल्याच्या भंगारात. ज्या कुर्ल्यात या गाड्या जन्मल्या तिथेच त्यांची हाडे विकली जातात. टॅक्स्या मोडीत निघाल्यावर त्यांचे अवयव तिथे आले. दरवाजे एका रांगेत, आरसे एका पोत्यात, आणि एका तेलकट डब्यात दीडदोनशे जेटे. मला त्या डब्यात हात घालवेना. एक गाडी उभी राहायची तर दुसरी मोडलेली असावी लागते, हा हिशेब मला आधी सुचला नव्हता.

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, ''असली चाहिए, या चलनेवाला?''

''असली,'' मी छाती पुढे काढून म्हटले. त्याने दोन जेटे दिली. दोन्ही असली. दोघांवर आकडा एकच. एक नव्या डबीत होते, म्हणून त्याचे पैसे दुप्पट.

कोल्हापुरात परतलो तो संध्याकाळची वेळ होती आणि म्हातारे मिस्त्री खुर्चीत होते. मी दोन्ही जेटे मोठ्या ऐटीने त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ड्रिलच्या बारीक पात्यांचा डबा मागवला, आणि पात्याची मागची बाजू छिद्रात घालून पाहिली. एकाचे छिद्र आकड्यापेक्षा मोठे निघाले, कुणीतरी तार फिरवून रुंद केलेले. डबीतल्या नव्याचे छिद्र मुळात मधोमधच नव्हते.

''आकडा कोराय काय लागतंय, मास्तर?'' ते म्हणाले.

मी वीस वर्षे मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर आकडे कोरीत आलो आहे. मी काही बोललो नाही.

मग त्यांनी आमचे जुने जेट मागितले. चष्मा कपाळावर सरकवला, जेट डोळ्यापाशी नेऊन दिव्याकडे धरले, आणि बराच वेळ तसेच धरून बसले. ''ह्येला डुप्लिकेट कुणी म्हटलं?''

पुतण्या म्हणाला, ''काका, भोक बघा की. बारीक हाय.''

''बारीक हाय म्हंजे बारीक केलंय. आत डाग मारलाय. मास्तर, हितं बघा, पितळंच्या आत पांढरी कडी दिसती का?''

दिसली. छिद्राच्या आतून शिशा-कथलाची एक रुपेरी कडी, आणि तिच्या मधून पुन्हा पाडलेले बारीक भोक. ''कुणी केलं हे?''

''म्या,'' मिस्त्री म्हणाले. ''तुमच्या आबांनी सांगितलं, म्हणून म्या केलं.''

१९९० साली इराकने कुवेतमध्ये सैन्य घातले. त्या लढाईशी कोल्हापूर जिल्ह्यातल्या वह्या-पाट्यांचा काही संबंध असेल असे कुणाला वाटणार नाही. पण पेट्रोल महागले आणि आबांचा प्रत्येक फेरा महागला. शाळांनी दर तेच धरून ठेवले. तेव्हा आबा मिस्त्रींकडे आले आणि म्हणाले, भोक बारीक करता येईल का? मिस्त्रींनी सांगितले, करू नका. मिश्रण पातळ झाले की आग जास्त तापते, गाडी ओढत नाही, वाल्व जळतात. शिवाय जेवढे वाटते तेवढे वाचतही नाही. एक दशांश मिलिमीटरने भोक कमी केले तर क्षेत्रफळ पंधरा टक्क्यांनी उतरते हे खरे. पण गाडी ओढेना म्हणून चालवणारा पाय जास्त दाबतो आणि वाचवलेल्यातले बरेचसे तिथेच जाते. आबांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, ''चालतंय की.''

हे दोन शब्द आमच्या गावचे. त्यांची थट्टा खूप होते, पण त्यांत एक मोठे मन आहे. पाहुणा अवेळी आला, चालतंय. भाजीत मीठ कमी पडले, चालतंय. ज्या घरात हे शब्द नाहीत त्या घरात मी दोन तासांपेक्षा जास्त बसू शकत नाही. परंतु याच दोन शब्दांनी आमच्या शाळेचे छप्पर तीन पावसाळे गळत राहिले, हेही मला माहीत आहे. मिस्त्रींनी सांगितलेला वाल्व पाच वर्षांनी खरोखरच जळाला. ''इंजनानं बिल पाठिवलं,'' ते म्हणाले. ते बिल आबांनी हप्त्याहप्त्याने दिले, आणि डाग तसाच राहू दिला.

मला मात्र वाल्व आठवत नव्हता. मला जोतिबाचा चढ आठवत होता.

भाऊबीजेला आम्ही आत्याकडे जात असू आणि जाताना वाट वाकडी करून जोतिबाचे दर्शन घेत असू. केर्ली सोडले की चढ लागतो. त्या चढावर आमची गाडी दम टाकी. एका वळणावर ती हमखास थांबण्याच्या बेताला येई. मग आबा न बोलता ब्रेक दाबत, आई पदर खोचून खाली उतरे, मागोमाग आम्ही, आणि रिकामी गाडी कण्हत पुढे जाऊन सपाटीवर आमची वाट पाही. १९९४ सालची भाऊबीज. मी तेरा-चौदा वर्षांचा. नवे कपडे. आम्ही रस्त्याच्या कडेने चढत होतो आणि माझ्या वर्गातला एक मुलगा आपल्या वडिलांच्या पांढऱ्या मारुतीतून हात हलवीत भुर्रकन वर गेला. सपाटीवर पोचल्यावर मी आबांना सगळ्यांच्या देखत म्हणालो, ''असली गाडी दारात ठेवण्यापेक्षा माणसानं एस.टी.नं जावं. निदान लाज तरी वाटणार नाही.'' आबा हसले. खिशातून रुमाल काढून त्यांनी काच पुसली. काच स्वच्छ होती.

मिस्त्रींच्या दुकानातून मी ते जेट कागदात बांधून घरी आणले. त्या रात्री मला झोप आली नाही. नकळत केलेला अपराध पुढे कळला, तर तो लहान होतो की मोठा? शास्त्री म्हणतील, अज्ञानाने केलेल्या कर्माचा दोष कमी. कोर्टही बहुधा तेच म्हणेल. मला डाग माहीत नव्हता. माहीत असता तर मी बोललो नसतो. तेव्हा मी सुटलो. पण मी सुटलो नव्हतो. उलट तीस वर्षे जे वाक्य मला पोरवयाचा आगाऊपणा वाटत होते, ते त्या रुपेरी कडीने अंगावर आणले.

लेखकाच्या डोक्याला एक वाईट खोड असते. दुःखातही ते उपमा शोधते. मला सुचले की उंच जागी हवा विरळ असते, म्हणून मुंबईत बरोबर असलेले जेट महाबळेश्वरावर थोडे मोठे ठरते. म्हणजे बरोबर छिद्र असे काही एकटे नसतेच; ते कोणत्या उंचीवर, यावर ठरते. आबांच्या संसाराची हवाच विरळ होती, त्यांनी तसे जेट करून घेतले. तेच त्यांचे असली! ही उपमा मला इतकी आवडली की तिचा मला संशय आला. कारण इंजिन कोल्हापुरातच होते, संसाराच्या उंचीवर नव्हते, आणि वाल्व जळाला होता. आबांचे चुकलेच होते. चुकलेल्या माणसाला शहाणा ठरवून त्याची माफी मागणे सोपे असते.

सकाळी मी आईला विचारले. तिला डागाचे सगळे ठाऊक होते. मी विचारले, ''मग ते वाचलेले पैसे कशाला लागले गं?'' माझ्या मनात ताईची फी होती, माझी रंगांची पेटी होती. काहीतरी असे, की जे ऐकून डोळे भरून येतील.

आई तांदूळ निवडत होती. ''कशाला लागणार? पेट्रोलच महागलं होतं. तेवढंच भागलं.''

माझी निराशा झाली. आणि ती निराशा झाल्याबरोबर मला माझे खरे रूप दिसले. आबांनी माझ्यासाठी काहीतरी सोसले असावे, मग मला त्या वाक्याची नीट लाज वाटेल, असा तो सौदा होता. समजा डाग नसताच. समजा आबा नुसते कंजूष असते, किंवा गाडी चालवायलाच वाईट असते, किंवा गाडी केवळ म्हातारी असती. तर सपाटीवर, बायकापोरांच्या देखत, एका माणसाला मी बोललो ते ठीक झाले असते का? मी तीस वर्षे ते ठीकच धरून चाललो होतो. गाडीत डाग सापडला म्हणून मला पश्चात्ताप झाला. म्हणजे माझ्याकडून साधी माणुसकी मिळवायची तर समोरच्याच्या आत काहीतरी दुखरे सापडावे लागते.

हे मी वडिलांविषयी लिहितो आहे असे वाटेल, पण ते आता या पलीकडे गेले. मला शाळा आठवली. माझ्या वर्गात एक मुलगा रोज उशिरा येई. मी त्याला दोन महिने टोचून बोललो. 'या, राजे' असे म्हणून वर्ग हसवला. मग कुणीतरी सांगितले की तो पहाटे दूध घालतो. त्या दिवसापासून मी त्याच्याशी इतका मऊ वागू लागलो की त्यालाच अवघडल्यासारखे झाले असेल. त्याच वर्गात आणखी एक मुलगा उशिरा येतो. त्याचे घर चांगले आहे, वडील नोकरीत आहेत, तो नुसता झोपाळू आहे. त्याला मी अजून 'या, राजे' म्हणतो. आम्ही शिक्षक आधी कारण शोधतो, मग माया करतो, आणि आपण फार समजूतदार आहोत असे शिक्षकांच्या खोलीत एकमेकांना सांगतो. उशीर होऊ नये हे मी त्या मुलाला सांगायलाच हवे, त्यात मला शंका नाही. मिस्त्रींनीही आबांना 'चूक करताय' हे तोंडावर सांगितले होते. पण सांगताना त्यांनी आबांना चार गिऱ्हाइकांत हसवले नव्हते. मी दोन्ही एकत्र करीत आलो.

राहता राहिला जेटचा प्रश्न. मिस्त्री म्हणाले होते, ''मास्तर, तुमी मुंबई फिरून आला, पण असली जेट तुमच्या हातातच हाय. तापवलं की डाग वितळून जातोय. खाली कंपनीचं भोक हाय तसं निघंल.'' मी दोन दिवस होय-नाही करीत राहिलो. आबांच्या हयातीतली ती एकच गोष्ट होती, की जी त्यांनी मला सांगितली नव्हती. ती पुसायची? मी आईला म्हटले, ''ते जेट तसंच आठवण म्हणून ठेवू या का? दुसरं कुठूनतरी मिळवीन.''

आईने तांदळाचे ताट खाली ठेवले. ''कशाची आठवण? काढून टाक तो डाग. ह्यांना तो किती खुपायचा. दर दिवाळीला म्हणायचे, एवढा हंगाम झाला की काढून घेऊ.''

मिस्त्रींनी ते काम पुतण्याला दिले नाही. जेट चिमट्यात धरले, थरथरता हात टेबलाच्या कडेला टेकवला, आणि खालून ज्योत धरली. पितळ काळवंडले, मग एकदम काहीतरी चकाकले आणि टपकले. मोहरीच्या दाण्याएवढा तो थेंब जमिनीवरच्या लोखंडाच्या किसात पडला. मी वाकून शोधला. नाही सापडला. मिस्त्रींनी पाते घालून पाहिले, फुंकर मारली, आणि ''बरोबर,'' एवढेच म्हणाले. पैसे घ्यायला मात्र ते तयार होईनात. ''बसवायचं घेतलं हुतं. काढायचं बी त्यातच आलं.''

गेल्या भाऊबीजेला आम्ही निघालो. आई मागे, शेजारी तिची नात कानात वायरी घालून. केर्ली सोडली आणि चढ लागला. मी सवयीने दुसरा गिअर टाकला, पण गाडीला तो नको होता. ती तिसऱ्यातच मजेत वर निघाली होती. ते वळण जवळ आले. आरशात पाहिले, तर आईने पदर खोचला होता आणि तिचा हात दाराच्या कडीवर होता.

''आई, बस,'' मी म्हटले. ''उतरायचं नाही.''

वळण मागे पडले तरी तिने हात काही लगेच काढला नाही.